उंबराला ठोकलेली मूळ प्रत

डिपोटीसाहेबांचा लखोटा तांबेवलीच्या शाळेत सोमवारी आला, आणि दत्तोपंत मास्तरांची अन्नावरची वासना उडाली तीही सोमवारीच. लखोट्यात मोजून पाच वाक्यं होती. येत्या शनिवारी साहेब शाळा तपासायला येणार. त्या दिवशी हंगामी मास्तराने 'गावचे आरोग्य व ते राखण्याचे उपाय' ह्या विषयावर सोळा पानी निबंध तयार ठेवावा. निबंधास निदान तीन आधार असावेत. आधार छापील असावेत, ऐकीव चालणार नाहीत, आणि प्रत्येकाची मूळ प्रत टेबलावर हजर असावी. निबंध पसंत पडल्यास मास्तरास कायम करण्यात येईल.

पसंत न पडल्यास काय, हे साहेबांनी लिहिलं नव्हतं. दत्तोपंतांना ते पाठ होतं. चंबूगबाळं आवरून पेणला सासऱ्यांकडे जायचं आणि त्यांच्या मागून पळीपंचपात्र घेऊन लोकांच्या श्राद्धपक्षांना हिंडायचं. सासरे तसे वाईट नव्हते. फक्त दर पंगतीत ते यजमानाला सांगायचे, "आमच्या जावईबुवांना इंग्रजी मुळाक्षरं येतात बरं का." हे कौतुक नव्हे, एवढं दत्तोपंतांना कळत होतं. शाळेत टेबल नव्हतं ही आणखी एक काळजी होती, पण ती त्यांनी गुरुवारसाठी राखून ठेवली.

खालापुराच्या अलीकडे दीड कोसावर साठ-सत्तर उंबऱ्यांची ही तांबेवली. साल अठराशे अठ्ठ्याऐंशी-एकोणनव्वदचं. गावात छापील कागद शोधायचा म्हणजे कोंबडीचे दात शोधायचे. शाळेच्या पेटीत क्रमिक पुस्तक होतं. त्यात स्वच्छतेवर सात ओळींचा धडा होता, पैकी तीन ओळी नखं काढण्यावर. हा झाला एक आधार. घरात छापील पंचांग होतं आणि त्याच्या संवत्सरफलात 'क्वचित् रोगभय' एवढे दोन शब्द होते. हा दुसरा. दोन शब्दांचा आधार म्हणजे फार बारीक दोरी, पण छापील होती. तिसऱ्या आधारासाठी मास्तर मंगळवारी शाळा सुटल्याबरोबर खालापुराला चालत गेले.

खालापुरात एक म्हातारे वैद्य होते. पुस्तक त्यांच्याजवळ नव्हतं, पण कोणतं मिळवावं ते सांगतील अशी आशा होती.

"पाण्याच्या दोषांबद्दल काही आहे का शास्त्रात?" दत्तोपंतांनी विचारलं.

"नसायला काय झालं? आहे की. बसा," म्हणून वैद्यबुवांनी डोळे मिटले आणि मंगलाचरणापासून सुरुवात केली. त्यांना सगळा ग्रंथ मुखोद्गत होता, पण पहिल्यापासून. मधूनच उघडायची सोय नव्हती. दोन घटका गेल्या तेव्हा बुवा दंतधावनापर्यंत पोचले होते. दत्तोपंतांना सारखं घराकडचं अंतर आठवत होतं. न राहवून ते खाकरले.

बुवांनी डोळे उघडले. "कुठं होतो मी?" म्हणाले, आणि पुन्हा मंगलाचरणापासून लागले.

बुधवारी पोपट आला. पोपट मूळचा तांबेवलीचा, माथेरानच्या एका हॉटेलात साहेबलोकांचं पाणी तापवायच्या कामावर होता. मास्तर पुस्तकासाठी कासावीस झालेत हे त्याला वाटेतच कुणी सांगितलं असणार, कारण तो येताना काखोटीला एक जाडजूड इंग्रजी पुस्तक घेऊन आला. "साहेब टाकून गेला, मास्तर. आरोग्याचंच हाय. मी इचारून घेतलं."

दत्तोपंतांना इंग्रजी मुळाक्षरं येत होती, शब्द येत नव्हते. म्हणून त्यांनी चित्रं पाहिली. चित्रं सुरेख होती. चौथ्या चित्रात पोट उघडून दाखवलं होतं आणि त्या पोटाला चार पाय, शेपूट आणि आयाळ होती.

"पोपट, हे घोड्याचं आरोग्य आहे."

"मग काय झालं? माथेरानला मानसापेक्षा घोड्याची बडदास्त जास्ती हाय," पोपट म्हणाला आणि पुस्तक तिथंच ठेवून गेला.

त्या दिवशी दत्तोपंत पानावर बसले आणि नुसता भात चिवडत राहिले. त्यांच्या पत्नी अंबूबाई बराच वेळ बघत होत्या. "अहो, एक विचारू? खालच्या विहिरीवर उंबराला पटकीचा कागद ठोकलाय ना? सरकारी आहे, छापील आहे, वर लाल मोहर आहे. तुम्ही आधारासाठी तालुका पालथा घातलात, आणि आधार आपल्या परसापासून चाळीस पावलांवर."

दत्तोपंतांनी कपाळावर हात मारून घेतला. तो कागद त्यांनी रोज पाहिला होता. गेल्या आश्विनात गावात पटकी झाली, अकरा माणसं गेली. सरकारी डॉक्टर आला, त्याने खालच्या विहिरीत म्हशींच्या ओहोळाचं पाणी झिरपतं असं सांगितलं, आणि त्यानंतर तो कागद उंबरावर आला. दत्तोपंत गावात आले त्याच्यानंतर महिन्याने. तोवर कागदावर हळदकुंकवाचा जाड थर बसलेला होता आणि एक अक्षर दिसत नव्हतं. बायका येता-जाता कुंकू लावतच असत. बायका कशालाही कुंकू लावतात, असं म्हणून मास्तरांनी तो विषय सोडून दिला होता. एवढं मात्र खरं की कागद लागल्यापासून खालच्या विहिरीवर कुणी फिरकत नव्हतं. जवळची विहीर टाकून सगळ्या बायका टेकडीवरच्या झऱ्याला जात होत्या. लोक सरकारचा कागद इतका मानतात, ह्याचं मास्तरांना मनातून समाधान वाटत असे.

तरी ते भित्रे होते, म्हणून गुरुवारी त्यांनी मालोजी पाटलांना रीतसर विचारलं. मालोजी पाटील साठीचे, जाड मिशांचे, कमी बोलणारे. त्यांनी तंबाखू मळणं थांबवलं.

"कशाला पायजे तो कागद?"

"वाचायला. निबंधाला आधार म्हणून."

"तो वाचायचा कागद नाय, मास्तर. तिथं लावलाय तिथंच ऱ्हाऊं द्या. त्याच्या वाटंला जाऊं नका."

पाटलांना स्वतःला वाचता येत नव्हतं. तेव्हा ही निरक्षर माणसाची नेहमीची भीती, असं दत्तोपंतांनी मनाशी ठरवलं, आणि शुक्रवारी भरदुपारी, गाव शेतावर असताना, विळ्याच्या टोकानं चारही खिळे उचकटून बुंध्याशी ठेवले आणि कागद उपरण्याखाली घातला. शनिवारी साहेब गेले की लगेच परत ठोकायचा, कुणाला कळणारही नाही. घरी येऊन तो त्यांनी माजघरात जमिनीवर ठेवला आणि दुपारची शाळा भरवायला धावले. पोरांना पाढे म्हणायला लावून ते मनात निबंधाचं तिसरं कलम जुळवत बसले. पाच दिवसांत पहिल्यांदाच त्यांना थोडी भूक लागली.

शाळा सुटून घरी आले तो अंगणात चपला ठेवायला जागा नव्हती. निम्मा गाव गोळा झाला होता. बायका आत, बाप्ये बाहेर, आणि कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. दत्तोपंतांच्या मनात आलं, अंबूचं काही बरंवाईट तर नाही. तेवढ्यात अंबूबाईच दाराशी आल्या. चेहरा पांढराफटक.

"अगं काय झालं?"

"मी काय करणार? हळदकुंकू माखलेला कागद तुम्ही जमिनीवर टाकून गेलात. पाय लागेल म्हणून मी पाट मांडून देवाजवळ ठेवला. सोनाबाई ताक द्यायला आल्या, त्यांनी पाहिला."

सोनाबाई शेजारच्या. आश्विनात त्यांचा नवरा पटकीनं गेला होता. त्या देवघरापाशी हात जोडून बसल्या होत्या आणि मास्तरांना पाहताच उठून उभ्या राहिल्या.

"मास्तर, तुमचं नशीब मोठं. आय सोताच्या पायानं तुमच्या घरी आली."

"कोण आई?"

"मरीआय. सायबानं तिला कागदात कोंडून, मोहर मारून झाडाला ठोकली व्हती ना? चार म्हैनं बसली गप. आज खिळं काढून भाईर आली."

चार महिने गाव खालच्या विहिरीवर का जात नाही ते दत्तोपंतांना आत्ता कळलं. सरकारचा हुकूम कुणी मानला नव्हता. विहिरीवर पटकीची आई कोंडली होती आणि त्यांनी ती विळ्यानं मोकळी केली होती. कुणी माणसाने कागद काढला असेल अशी शंका अंगणातल्या एकाही माणसाला आली नाही, हे त्यांचं दैव. एवढी हिंमत गावात कुणाला होणार?

"तुमी शिकलेलं हायसा," सोनाबाई म्हणाल्या. "आय काय म्हनती ते वाचून सांगा."

नाही म्हणायची सोय नव्हती. अंबूबाईंनी ओला पंचा पुढे केला. दत्तोपंतांनी कागदाच्या मधोमध कुंकू पुसलं. पहिली ओळ दिसली. त्यांनी ती वाचली, मग पुन्हा वाचली. 'सरकारी कुरणातील उभ्या गवताचा जाहीर लिलाव.' घाईघाईनं त्यांनी खालची ओळ पुसली. 'लिलावात बोली बोलणाराने.' त्याच्या खालची पुसली. 'गवत कापून नेण्याची मुदत.' पटकीचं नाव नाही, पाण्याचं नाही, विहिरीचं नाही. तिसरा आधार गेला, ही पहिली धडकी. दुसरी म्हणजे सगळं घर त्यांच्या तोंडाकडे बघत होतं.

"काय म्हनती आय?"

दत्तोपंत आणखी खालची ओळ पुसू लागले.

"आय म्हनती, मला शिवंपार पोचवा," मागून मालोजी पाटलांचा आवाज आला. ते केव्हा येऊन उभे राहिले होते कुणास ठाऊक. "उद्या सकाळी गाडा काढूं. आता घरी जा समदी, कामाला लागा. आयला घान चालत नाय हे म्हाईत हाय ना? केरकचरा, शिळंपाकं, सांचलेलं पानी, कायसुदीक ऱ्हाता कामा नये. जिथं घान दिसंल तिथं ती मुक्काम ठोकंल."

अंगण बघता बघता रिकामं झालं. पाटील ओटीवर टेकले आणि तंबाखू काढली.

"पाटील, हा गवताचा लिलाव आहे," दत्तोपंत कुजबुजले.

"मला ठावं हाय."

"मग पटकीचा कागद?"

"आला व्हता की. पहिला तोच लावला. डाक्टरनं सोता वाचून दाखवला. समद्यांनी माना हलवल्या, आन दुसऱ्या दिशी समद्या बाया घागरी घेऊन त्याच विहिरीवर." पाटलांनी चुना लावला. "दोन दिसांत शेळीनं खाल्ला तो कागद. मंग माझ्याकडं गवताचा पडला व्हता लाल मोहरंचा, तो ठोकला आन सांगून टाकलं, हिच्यात मरीआय हाय. तवापास्नं एक घागर नाय बुडाली. मास्तर, लोकांना वाचून दावलं तर आयकत न्हाईत. वरच्या वाडीच्या डबक्याला बी असाच कागद लावायचा व्हता मला. पर मोहरंचा एकच मिळाला."

"उद्या साहेब येणार आहेत."

"दोपारी येणार ना? तवर आय शिवंपार. तुमी नका भिऊं."

दत्तोपंत भ्यायले. ते भिण्यात वस्ताद होते. तरी निबंध लिहून पुरा केला. पटकी कशी होते, पाणी कसं उकळावं, विहिरीजवळ काय असू नये, सोळा पानं. डॉक्टराचं जे जे गावकऱ्यांना आठवत होतं ते विचारून विचारून त्यांनी आठवडाभर टिपलं होतं, आणि खरोखर चांगलं लिहिलं होतं. फक्त ते सगळं ऐकीव होतं.

शनिवारी उजाडल्यापासून तांबेवली ओळखू येईना. बायकांनी अंगणं सारवली, रांजण उपडे केले, परसातली डबकी मातीनं बुजवली. बाप्यांनी गल्लीतला उकिरडा गावाबाहेर टाकला आणि घराघरात कडुनिंबाचा धूर केला. उष्टंखरकटं पुरलं. घराघरात पाणी उकळलं जात होतं, कारण आईला निरोप देताना थंड पाणी प्यायचं नाही असं बुधी म्हातारीला तिच्या आजीनं सांगितलं होतं. दत्तोपंत हे सगळं बघत होते. आपल्या निबंधाचं सहावं, सातवं आणि नववं पान लोक न वाचता करताहेत, हे त्यांच्या लक्षात आलं. पण तेव्हा त्यांना त्याचं कौतुक करायला फुरसत नव्हती. ते सारखे रस्त्याकडे बघत होते.

गाडा निघायला उशीर झाला. आईला प्रत्येक गल्लीतून न्यायची म्हटल्यावर प्रत्येक दाराशी थांबणं आलं. पुढे सुपात कागद, नारळ, हिरवा खण घेऊन सोनाबाई, मागे बैलगाडी, मागे ढोल, आणि सगळ्यांच्या शेवटी, बगलेत निबंध मारून, दत्तोपंत. शिव अजून शंभर पावलं होती तेवढ्यात समोरून तट्टावर बसून डिपोटीसाहेब आले. वेळेआधी येण्याबद्दल त्यांची ख्याती होती.

आता इकडची रीत अशी की गाडा शिवेवर न्यायचा आणि पलीकडून जो पहिला माणूस येईल त्याच्या हाती आई सोपवायची. पुढे त्याने न्यायची. सोनाबाईंनी साहेब बिहेब काही पाहिलं नाही. झपाझप पुढे होऊन त्यांनी सूप साहेबांच्या हाती दिलं, कपाळावर बोटभर कुंकू ओढलं आणि पायाशी नारळ फोडला. ढोल थांबला. सगळ्या गावाने एकदम पाठ फिरवली, कारण सोपवल्यावर आईकडे बघायचं नसतं. तोंड साहेबांकडे राहिलं ते फक्त दोघांचं. पाटलांचं आणि मास्तरांचं.

"हा काय प्रकार आहे?" साहेबांनी विचारलं. मुंबईला शिकलेला, कोट-पगडीतला, करड्या आवाजाचा माणूस. पण सूप त्यांनी खाली टाकलं नव्हतं, ही गोष्ट पाटलांनी पाहून ठेवली.

"साहेब, हा... हा माझा तिसरा आधार आहे," दत्तोपंत बोलून गेले. घाबरलेल्या माणसाच्या तोंडून खरं निघतं ते असं. "छापील आहे. मूळ प्रत आहे."

साहेबांनी चष्मा सावरला आणि सुपातला कागद वाचू लागले. "सरकारी कुरणातील उभ्या..."

"सायेब, मोठ्यानं वाचूं नका," पाटील हळूच म्हणाले. "सुटंल."

"कोण सुटेल?"

"मरीआय. गेल्या आश्विनात अकरा मानसं खाल्ली तिनं."

साहेबांनी वाचणं थांबवलं. त्यांनी सुपाकडे पाहिलं. मग गावाकडे पाहिलं. शिवेवरून सगळी तांबेवली दिसत होती. सारवलेली अंगणं, उपडे रांजण, दारोदार निंबाचा धूर, रस्त्यावर काडी नाही. अशी गावं त्यांनी फक्त आपल्या अहवालांत लिहिली होती.

"हे सगळं कुणी केलं?"

"मास्तरांच्या कागदानं," पाटील म्हणाले, आणि हे शब्दशः खरं होतं.

शाळा अजून पाव कोस आत होती. मग साहेबांनी दत्तोपंतांच्या बगलेतला निबंध मागून घेतला, पहिलं पान वर धरलं आणि खोगिरावरच दौत टेकवून त्यावर शेरा मारला. 'निबंध पाहिला. आधार छापील व परिणाम समाधानकारक. मास्तर कायम करण्यास योग्य.' खाली सही, आणि पिशवीतून शिक्का काढून लाल मोहर. "हे पान कचेरीत पाठवा. बाकीची तुमच्याकडे राहू देत."

तट्टू वळवल्यावर ते जरा वाकले आणि फक्त मास्तरांना ऐकू जाईल असं म्हणाले, "हे सूप, मास्तर... मी कुठं ठेवायचं?"

"फुडल्या शिवंवर, सायेब," उत्तर पाटलांनी दिलं. "आन मागं वळून बघूं नका."

साहेबांनी शेवटपर्यंत मागे वळून पाहिलं नाही.

त्या दिवशी दत्तोपंत पोटभर जेवले. अंबूबाईंनी पेणला पाठवायचं पत्र मनात लिहून टाकलं. आता बाबांना म्हणावं, पंचपात्र तुमचं तुम्हीच वाहा. मोहरेचं पान दत्तोपंतांनी चार वेळा वाचलं, घडी करून छातीशी ठेवलं, आणि तिन्हीसांजेच्या आत हात धुवायला परसात गेले. तिथून त्यांना सोनाबाई दिसल्या. कंबरेवर घागर. टेकडीकडे नाही, खाली उंबराकडे चालल्या होत्या. मागे आणखी चार बायका.

"सोनाबाई," दत्तोपंत धावत गेले. "अहो, इकडे कुठं?"

"पान्याला. आय गेली ना आता? इहीर मोकळी झाली. किती दिस ती टेकडी चढायची? गुडघं ऱ्हाईलं न्हाईत माझं."

"पण पाणी तेच आहे. म्हशींचा ओहोळ तसाच झिरपतोय. मी लिहिलंय, सोळा पानं लिहिलीत. वाचून दाखवू?"

"वाचा की," सोनाबाई प्रेमानं म्हणाल्या. "मी पानी भरतां भरतां आयकते."

दत्तोपंतांनी वळून पाहिलं. पाटील उंबराखाली उभे होते. त्यांनी रिकाम्या खोडावरून हात फिरवला. "मोहरंचा कागद पायजे, मास्तर. साध्या कागदात आय मावत नाय हे पोरांना बी ठावं हाय. कचेरीतनं दुसरा यायला आठ-पंधरा दिस." एवढं म्हणून त्यांनी मास्तरांच्या छातीकडे पाहिलं.

दत्तोपंतांचा हात आपसूक छातीवर गेला. पंचपात्र आठवलं, पंगत आठवली, जावईबुवांची मुळाक्षरं आठवली. परसातून अंबूबाई मागोमाग येऊन उभ्या होत्या, त्यांनी सगळं ऐकलं होतं. आता ही नको म्हणेल, मग बरंच झालं, असं त्यांना वाटलं. अंबूबाईंचे डोळे भरून आले होते. पण त्या एवढंच म्हणाल्या, "त्यांचा नवरा ह्याच पाण्यानं गेला हो. हातोडी आणू का?"

सोनाबाईंनी घागरीला दोर बांधला होता. दत्तोपंतांनी छातीशी ठेवलेलं पान काढलं, उलगडलं आणि जुन्याच भोकांत जुनेच खिळे घालून उंबराला ठोकलं. लाल मोहर तिन्हीसांजेच्या उजेडात लखलखीत दिसत होती. सोनाबाईंचा हात थबकला.

"ह्याच्यात कोन हाय, मास्तर?"

दत्तोपंतांना खोटं बोलता येत नसे. सुदैवाने गरज पडली नाही. "ह्यात पटकीच आहे, सोनाबाई. पहिल्या ओळीपासून."

सोनाबाईंनी मोहरेकडे पाहिलं. हात जोडले. मग दोर सोडला, गुडघ्यांना शिव्या देत घागर उचलली आणि टेकडीची वाट धरली. मागच्या चौघीही वळल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी 'कायम करण्यास योग्य' ह्या शब्दांवर पहिली हळद चढली.

पाठवलेल्या नकलेवर महिन्याभराने कचेरीचं पत्र आलं. साहेबांच्या शिफारशीची मूळ प्रत पाठवावी, नक्कल चालणार नाही. दत्तोपंतांचं जेवण पुन्हा सुटलं. दोन दिवस विचार करून त्यांनी उत्तर लिहिलं. 'मूळ प्रत जागेवरून हलविणे गावच्या आरोग्यास अपायकारक आहे. ती जागेवर केव्हाही पाहावयास मिळेल.' हे उत्तर नोकरी घालवणार अशी त्यांची खात्री होती. चैत्राच्या उन्हात कचेरीचा कारकून घामाघूम होत पाहायला आला. पाटलांनी त्याला उंबराखाली नेलं. तोवर कागदाला हळदकुंकवाचं चांगलं बोटभर अस्तर चढलं होतं, लाल मोहर तेवढी बायकांनी मोकळी ठेवली होती. कारकुनाने मजकूर बघायला रुमाल ओला केला.

"पुसा की," सोनाबाई म्हणाल्या. "पर आदी सांगा, घरी कोन कोन असतं तुमच्या?"

कारकुनाने रुमाल खिशात ठेवला. पायातले जोडे काढले. चिमूटभर कुंकू लावलं आणि तिथंच बसून अहवाल लिहिला. 'मूळ प्रत समक्ष पाहिली. मोहर स्पष्ट आहे. मजकूर वाचण्याचे कारण पडले नाही.'

वैशाखात आसपासच्या दोन-तीन गावांत पटकी झाली. तांबेवलीत झाली नाही. आणि ज्येष्ठाच्या पहिल्या आठवड्यात दत्तोपंतांना कायम केल्याचा हुकूम आला. जाड कागद, छापील मथळा, खाली तळहाताएवढी लाल मोहर. दत्तोपंतांनी तो तीनदा वाचला, डोळ्यांना लावला आणि अंबूबाईंच्या हाती दिला.

"पेटीत तळाशी ठेव. आणि हे बघ, इतक्यात मालोजी पाटलांच्या कानावर घालू नकोस. त्यांचं ते वरच्या वाडीचं डबकं अजून तसंच आहे."

"कानावर घालायचं राहिलंय कुठं," अंबूबाई म्हणाल्या. "ते मघापासून ओटीवर बसलेत. खिळे घरून घेऊन आलेत, हातोडी आपली मागताहेत."